रातांबा, भिरंड, मुरुगल



मराठीचा अध्यापक असल्यामुळे मी झाडापर्यंत त्याच्या नावावरून पोहोचतो. रत्नागिरीकडे जो रातांबा, तोच गोव्यात भिरंड आणि कन्नड मुलखात मुरुगल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. सह्याद्रीतल्या या वृक्षाला तिची वार्ता नाही.

रानातील प्रत्येक झाडाचे फळ आकाराने, रंगाने, आंबटपणाने थोडे निराळे. हे वैविध्य म्हणजेच शास्त्रज्ञ ज्याला जननद्रव्य म्हणतात ते. उद्याचे चांगले वाण त्यातूनच निवडावे लागणार. धान्याचे बी सुकवून उणे १८ अंशांवर वर्षानुवर्षे ठेवता येते. कोकमाचे बी मात्र सुकले की मरते. म्हणून कलमे बांधून जिवंत झाडेच जतन करावी लागतात. त्यातही नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी. फळ देत नाही म्हणून नर तोडला, तर त्याच्यातील गुणही नाहीसे होतात.

२००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये स्थानिक पातळीवर लोकजैवविविधता नोंदवही तयार केली जाते. तिची हद्द गावाच्या हद्दीशी संपते. ‘गार्सिनिया इंडिका’ हे शास्त्रीय नाव दोन राज्यांच्या नोंदी जोडील. परंतु कोणते झाड लवकर पिकते, कोणाचे आगळ दाट होते, हे ज्ञान बोलीतच वसते. ते सांगणारी पिढी आता थकली आहे.

आपल्या शाळेच्या विद्यार्थ्यांना मराठी, कोंकणी आणि कन्नड या तिन्ही भाषा कानावरच्या आहेत. ही नावे आणि गुण झाडागणिक टिपून ठेवण्यास त्यांच्याहून योग्य कोण? झाड उभे आहे, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.