भाताला दिलेले नत्र जाते कुठे?

भाताच्या एक टन दाण्यामागे पीक साधारण 15 ते 20 किलो नत्र उचलते. हेक्टरी पाच टन भात काढायचा तर ही गरज 75 ते 100 किलोवर जाते. ती सगळी खतातूनच भागवावी लागते असे नाही. जमिनीतला सेंद्रिय भाग कुजताना बरेच नत्र मोकळे होते आणि खाचरातल्या पाण्यावर वाढणारी निळी-हिरवी शेवाळे हवेतले नत्र बांधून त्यात भर घालतात. शेवाळांचे हे काम ढाक्याच्या पी. के. डे यांनी 1939 मध्ये प्रयोगाने दाखवून दिले. पाणी तुंबवलेल्या जमिनीत शतकानुशतके खताशिवाय भात पिकत आला, तो या जोरावर. मात्र दोन-अडीच टनांच्या पुढे ही शिदोरी सहसा पुरत नाही. त्यापुढचे उत्पन्न आज युरियावर उभे आहे.

सुरत जिल्ह्यात या साखळीची दोन्ही टोके एकाच ठिकाणी सापडतात. खाडीकाठी हजिऱ्यात युरियाचा अवाढव्य कारखाना आणि शेजारच्या ओलपाड, चोर्यासी तालुक्यांत भाताची काळी, सखल रानं. तापीवरचा काकरापार बंधारा गेल्या शतकाच्या पन्नाशीत झाला, त्याच्या वरचे उकाई धरण 1972 मध्ये. कालव्याच्या पाण्यातला मोठा वाटा उसाने उचलला. तरी भाताचीही दोन पिके निघू लागली. पावसाळी भाताची लावणी जुलैत होते. उन्हाळी भाताचे रोप थंडीत टाकतात, जानेवारी-फेब्रुवारीत लावणी करतात आणि मे महिन्यात कापणी उरकते. दक्षिण गुजरातेत या पिकांना साधारण हेक्टरी 100 ते 120 किलो नत्र सुचवले जाते. युरियात नत्र 46 टक्के. सुरतेकडचा विघा साडेतेवीस गुंठ्यांचा धरला, तर 100 किलोच्या हिशेबाने विघ्याला सुमारे 52 किलो युरिया लागतो, म्हणजे 45 किलोच्या एका गोणीहून थोडा जास्त.

हजिऱ्याचा कारखाना ‘कृभको’ या सहकारी संस्थेचा. संस्था 1980 मध्ये स्थापन झाली आणि 1986 मध्ये उत्पादन सुरू झाले. मुंबईच्या समुद्रातला नैसर्गिक वायू हजिऱ्याला किनाऱ्यावर येतो, हे जागा निवडण्यामागचे मुख्य कारण. वायूतल्या मिथेनची वाफेशी प्रक्रिया करून हायड्रोजन मिळवतात. त्याची हवेतल्या नायट्रोजनशी लोखंडी उत्प्रेरकावर, 400 ते 500 अंश तापमानाला आणि प्रचंड दाबाखाली गाठ घालून अमोनिया बनवतात. फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये प्रयोगशाळेत दाखवलेली ही प्रक्रिया कार्ल बॉश यांनी 1913 मध्ये जर्मनीतल्या ओपाउ इथे कारखान्यात उतरवली. मिथेनमधला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. तोच अमोनियाशी जोडला की युरिया तयार. एक टन युरियाला सुमारे 580 किलो अमोनिया लागतो. हजिऱ्याची वार्षिक क्षमता 22 लाख टनांच्या आसपास आहे; त्यात दहा लाख टन नत्र असते. हा युरिया अर्थातच देशभर जातो, पण त्याचे पुढे काय होते हे पाहायला ओलपाडचे खाचर पुरेसे आहे.

खाचरात पडलेला युरिया बघता बघता विरघळतो. त्या रूपात तो भाताला फारसा उपयोगी नसतो. जमिनीतल्या जिवाणूंचे युरिएज नावाचे विकर त्याचे अमोनियम कार्बोनेट करते. उबदार हवेत हे काम दोन-चार दिवसांत उरकते. हजिऱ्यात जोडलेला कार्बन डायऑक्साइड इथे पुन्हा सुटतो आणि अमोनियम उरतो. भाताच्या मुळांना हेच रूप सर्वांत मानवते. अमोनियमवर धन विद्युतभार असतो, चिकणमातीच्या कणांवर ऋण. काळ्या मातीत तो एकदा शिरला की कणांना धरून राहतो, पाण्याबरोबर वाहून जात नाही. मात्र बांधावर उभे राहून फेकलेला युरिया मातीत शिरतच नाही. तो वरच्या पाच-सात सेंटिमीटर पाण्यात राहतो, आणि नुकसानीला तिथेच सुरुवात होते.

पहाटे या पाण्याचा सामू सात-आठच्या घरात असतो. सूर्य वर आला की शेवाळे प्रकाशसंश्लेषण करू लागतात आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. आम्लधर्मी वायू कमी झाला की सामू चढतो. दुपारी तो नऊच्या वर, कधी दहापर्यंत जातो. अमोनियमच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. 25 अंश तापमानाला सामू सात असताना त्यातला एक टक्कासुद्धा अमोनिया वायूच्या रूपात नसतो. सामू आठ झाला की सुमारे पाच टक्के आणि नऊ झाला की एक तृतीयांशाहून जास्त भाग वायुरूप होतो. पाणी तापलेले असेल तर आणखी जास्त. वरून वारा वाहत असला की हा अमोनिया हवेत निघून जातो. सुरतेच्या काळ्या जमिनी मुळातच अल्कधर्मी. त्यात उन्हाळी पिकाचे वरखत पडते ते ऊन तापू लागल्यावर, आणि तोवर रोपांची दाट सावलीही पाण्यावर पडलेली नसते. युरिया टाकल्यापासूनचा पहिला आठवडा म्हणूनच सर्वांत खर्चाचा. गंमत अशी, की नत्र बांधून पिकाला मदत करणाऱ्या मंडळींतलीच काही शेवाळे भरदुपारी विकतचे नत्र उडवून लावायला हातभार लावतात.

दुसरी वाट चिखलातून जाते. पाण्याखालच्या जमिनीचा अगदी वरचा थर, काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर, पाण्यातून झिरपलेल्या प्राणवायूमुळे ऑक्सिजनयुक्त राहतो. त्याखालचा सगळा चिखल प्राणवायूविना असतो. हे दोन थर आणि त्यांतला नत्राचा खेळ जपानच्या मात्सुसाबुरो शिओइरी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात उलगडला. वरच्या थरात जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार असल्याने माती त्याला धरत नाही. ते खाली उतरते. खालचे जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूच्या जागी नायट्रेट वापरतात, आणि शेवटी नायट्रोजन वायूचे बुडबुडे वर येतात. थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापमानवाढ करणारा वायू आहे. कालव्याच्या पाण्याला पाळी असली की ही वाट रुंदावते. पाणी आटून जमीन उघडी पडली की नायट्रेट बनते, पुढच्या पाळीला शेत भरले की ते वायू होऊन जाते. चिखलणी केलेल्या काळ्या जमिनीत खोल झिरपून होणारे नुकसान मात्र थोडे. ते दुखणे हलक्या, वालुकामय जमिनीचे.

सगळे मिळून खाचरात फेकलेल्या युरियातले 30 ते 40 टक्केच नत्र त्या हंगामाच्या पिकाला लागते. एका गोणीत पावणेएकवीस किलो नत्र असते; त्यातले सहा ते आठ किलो रोपांत जाते. उरलेल्यातले काही मातीत थांबते, बाकीचे ज्या हवेतून आले होते त्याच हवेत परत जाते.

2015 पासून देशात बनणाऱ्या सर्व युरियाला निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे झाले. त्याचा फायदा आहे, पण तो बहुतांशी दुसऱ्या वाटेपुरता. निंबातली द्रव्ये नायट्रेट बनवणाऱ्या जिवाणूंना मंद करतात. दुपारच्या पाण्यातून उडणारा अमोनिया त्यांनी थांबत नाही. त्यावर खरा इलाज एकच, युरिया पाण्यात न ठेवता मातीत पोहोचवणे.

हा इलाज कोकणात पद्धतशीरपणे बसवला गेला आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत तुसाची राख किंवा पेंढ्याचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेट (दोन्ही खते दाबून केलेल्या गोळ्या) अशी चार सूत्रे आहेत. लावणी दोरीवर, 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतराने दोन्ही दिशांनी केली जाते, म्हणजे चार-चार चुडांचे चौकोन पडतात. लावणीनंतर लगेच प्रत्येक चौकोनाच्या मधोमध 2.7 ग्रॅमची एक ब्रिकेट बोटांनी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. हेक्टरी 62,500 ब्रिकेट लागतात, वजन सुमारे 170 किलो. युरिया आणि डीएपी 60:40 प्रमाणात धरले तर त्यात नत्र भरते साठ किलोच्या आतच. खोल चिखलात अमोनियम मातीला धरून राहतो, शेवाळांना आणि वरच्या थरातल्या जिवाणूंना तो सापडत नाही, आणि मुळे तिथवर जाऊन हळूहळू उचलतात. बांगलादेशात ‘गुटी युरिया’ याच तत्त्वावर पसरला. भारी काळ्या जमिनीला हे तंत्र उत्तम मानवावे. अडचण मजुरीची आहे. बासष्ट हजार वेळा वाकणे कोकणातल्या गुंठ्या-गुंठ्याच्या खाचरात जमते. ओलपाडच्या लांबरुंद शेतात यंत्राशिवाय ते परवडणार नाही.

तोवर उरतो तो हप्त्यांचा मार्ग. कोवळ्या रोपाची मुळे तोकडी असतात, त्याला सगळे नत्र एकदम देऊन उपयोग नाही. म्हणून 40 टक्के लावणीच्या वेळी, 40 टक्के फुटवे येताना आणि 20 टक्के लोंबी पोटात धरताना देतात. पानाच्या हिरवेपणावरूनही हप्ता ठरवता येतो. त्यासाठी हिरव्या रंगाच्या चढत्या छटांची पट्टी मिळते, पान पट्टीवरच्या ठरावीक छटेपेक्षा फिके दिसले तरच युरिया द्यायचा. नुसत्या नजरेने ठरवले की हात सढळ होतो, आणि युरिया स्वस्त असल्याने तो आवरण्याची घाईही कुणाला नसते. जास्त नत्राने पीक गर्द हिरवे आणि मऊ होते, उंच वाढून दाणे भरताना लोळते. तपकिरी तुडतुडे आणि करपा अशाच पिकावर आधी येतात.

खर्च न वाढवता आजच करता येण्याजोगी गोष्ट पाण्याची आहे. पहिला हप्ता शेवटच्या चिखलणीतच मातीत मिसळावा. वरखताच्या आदल्या दिवशी खाचरातले पाणी उतरवावे, युरिया ओल्या चिखलावर टाकून कोळप्याने कालवावा, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाणी भरावे. भरल्या पाण्यात, भर उन्हात युरिया फेकू नये.