पावसाआधी गोठ्यात टोचणी हवीच

खानापूर तालुक्यात पशुवैद्य म्हणून काम करताना मृगाचा पाऊस सुरू झाला की मला धास्ती वाटायची. सगळे पेरणीच्या घाईत आणि नेमका तेव्हाच घटसर्प यायचा. ‘डॉक्टर, सकाळी दूध दिलेली म्हैस संध्याकाळी गेली हो,’ हे मी कितीदा ऐकले! कुणी करणीचा संशय घ्यायचे. खरा चोर मात्र घरातच असतो.

घटसर्पाचे जिवाणू काही धडधाकट जनावरांच्या घशातही असतात. उन्हाळ्यात चारा कमी, अंगात त्राण नाही. त्यात जनावर पावसात भिजते. प्रतिकारशक्ती घटली की जिवाणू झपाट्याने वाढून रक्तात शिरतात. त्यांच्या विषाने खूप ताप चढतो, लाळ गळते, घसा सुजतो, श्वासाला घरघर लागते. म्हशींना हा रोग गाईंपेक्षा जास्त भोवतो. लाळेने माखलेल्या चाऱ्यापाण्यातून तो शेजारच्या दावणीलाही पोहोचतो. औषध आहे, पण ते पहिल्या काही तासांत मिळाले तरच उपयोग.

फऱ्याचे जंतू मातीत असतात. त्यांचे बीजाणू वर्षानुवर्षे टिकतात आणि चरताना पोटात जातात. या रोगात सहा महिने ते दोन वर्षांची, चांगली पोसलेली जनावरे अधिक सापडतात. मांडीवर किंवा खांद्यावर सूज येते, जनावर लंगडते. सूज दाबली की आतल्या वायूमुळे चरचर आवाज येतो.

बुळकांडीने एके काळी गोठेच्या गोठे रिकामे केले. लसीकरणामुळे ती २०११ मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले. घटसर्प-फऱ्याचे तसे होणे कठीण, कारण एक घशात लपतो, दुसरा मातीत. म्हणून टोचणी दरवर्षी हवी आणि तीही मे महिन्यात. लस टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.

जनावर आजारी दिसले तर वेगळे बांधा, त्याचे चारापाणी वेगळे ठेवा आणि लगेच दवाखान्यात कळवा. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून रक्त येत असेल तर ते मुळीच फाडू नका. तो काळपुळी रोग असू शकतो आणि तो माणसालाही होतो.

आपल्यापैकी अनेकांचे भाऊ, काका गावी गोठा सांभाळतात. मेमध्ये त्यांना फोन कराल तेव्हा आंब्यांबरोबर टोचणीचीही चौकशी करा. दुधावर चालणाऱ्या घरात एक म्हैस जाणे म्हणजे मुलांच्या शाळेची फी जाणे.