पेशीचा फोटो आणि परदेशीपुऱ्याचं गणित

इंदूरला परदेशीपुऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समध्ये सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या तरुणांना मायक्रोस्कोपशी आपलं काही देणंघेणं नाही असं वाटत असेल, तर त्यांनी खंडवा रोडवर देवी अहिल्या विद्यापीठात जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या मित्रांशी एकदा बोलावं. पेशीचा स्पष्ट फोटो हे आज भिंगाइतकंच प्रोग्रॅमचंही काम आहे. प्रोग्रॅमच्या या कामालाच डीकॉन्व्होल्यूशन म्हणतात.

टीपकागदावर शाईचा थेंब पसरावा तसा भिंगातून आलेला प्रत्येक बिंदू पसरतो. ही मर्यादा अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच मांडली. तेलात वापरायचं १.४ न्यूमरिकल अपर्चरचं महागडं ऑब्जेक्टिव्ह लावलं, तरी हिरव्या प्रकाशात सुमारे २२० नॅनोमीटरपेक्षा जवळचे बिंदू एकमेकांत मिसळतात. खोलीच्या दिशेत हाच आकडा ८०० च्या आसपास जातो. त्यात फोकसबाहेरच्या थरांचा धूसर उजेड वेगळाच.

पण हे पसरणं मोजता येतं, आणि सगळी गंमत इथेच आहे. १०० नॅनोमीटरचा चमकणारा प्लास्टिकचा मणी स्लाइडवर घ्यायचा आणि फोकस कणाकणाने सरकवत फोटो काढायचे. फोकसमध्ये बारीक ठिपका दिसतो. वर-खाली गेलं की तो फुगतो, भोवती कडी उमटतात. हे मोजमाप हाती आलं की संगणक उलट्या बाजूने निघतो: मूळ पेशी कशी असली तर पसरून नेमका हाच फोटो येईल? अंदाज करायचा, ताडून पाहायचा, सुधारायचा, पुन्हा ताडायचा.

ही रीत रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि खगोलशास्त्रज्ञ लूसी यांनी १९७४ मध्ये स्वतंत्रपणे दिली. १९९० मध्ये हबल दुर्बिणीचा आरसा सदोष निघाला, तेव्हा १९९३ च्या दुरुस्तीपर्यंत तिची चित्रं सुधारायला ती कामी आली.

फोटो चकचकीत करणारा फिल्टर आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथे भरकटलेला प्रकाश हिशेबाने मूळ जागी परत नेला जातो. मात्र अंदाज सुधारण्याच्या फेऱ्या अति झाल्या की नॉइजचे ठिपके खरे कण वाटू लागतात, आणि जिथे कॅमेरा प्रकाशाने भरून गेला तिथे शोधायला काही उरतच नाही.

फिजी आणि डीकॉन्व्होल्यूशनलॅब-२ ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. ती जरूर वापरा. फक्त मूळ फोटो जपून ठेवा आणि किती फेऱ्या दिल्या ते फोटोखाली लिहा.