मोटारीचें सुकाणू आणि मिस्त्रीचें निदान



मोटार जुनी झाली म्हणजे तिच्या तक्रारी सुरू होतात. दार नीट लागत नाहीं, कांच खालीं उतरत नाहीं, सकाळीं इंजिन लवकर चालू होत नाहीं. या गोष्टी माणूस कसाबसा निभावून नेतो. परंतु एक तक्रार निभावून नेण्याजोगी नसते. ती म्हणजे सुकाणूची, ज्याला आपण नित्याच्या बोलण्यांत स्टिअरिंग म्हणतों. इंजिन बिघडलें तर गाडी जागच्या जागीं उभी राहते. सुकाणू बिघडलें तर गाडी चालतच राहते, फक्त आपलें ऐकत नाहीं. म्हणून या भागाची रचना कशी असते, त्यांत बिघाड कोणते होतात, आणि मिस्त्रीकडे गेल्यावर आपण काय पाहावें व काय विचारावें, एवढेंच आज सांगण्याचें मीं योजिलें आहे.

मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. अँबॅसडर व मारुती ८०० यांचें उत्पादन २०१४ सालींच थांबलें होतें. तथापि या जातीच्या खासगी गाड्या अनेक घरीं अजून जपलेल्या आहेत. कारखाना बंद, जुने कारागीर थकलेले, आणि नव्या पोरांचा हात संगणक लावून तपासण्याच्या गाड्यांवर बसलेला. अशा स्थितींत जुन्या गाडीच्या धन्यानें स्वतः थोडें जाणून घेणें अवश्य झालें आहे.

प्रथम रचना पाहूं. पद्मिनींत हातांतील चाक फिरविलें म्हणजे त्याचा दांडा फिरतो व तो एका लोखंडी पेटींत जातो. या पेटीला स्टिअरिंग बॉक्स म्हणतात. आंत मळसूत्रासारख्या आट्यांचा एक भाग असतो, त्याला वर्म असें नांव आहे. त्यांत गुंतलेला दुसरा भाग फिरला कीं पेटीबाहेरचा एक हात डावीउजवीकडे झुलतो. त्याच्या जोडीला गाडीच्या डाव्या अंगास आधाराचा दुसरा हात असतो. त्याला आयडलर म्हणतात. या हातांपासून टायरॉड नांवाच्या सळया दोन्ही चाकांकडे जातात. सळयांच्या टोकांस उखळींत गोळी बसवावी तसे बॉल जॉइंट असतात, आणि चाक स्वतः किंगपिन नांवाच्या खुंटीभोवतीं वळतें. अँबॅसडर व मारुती ८०० यांत पेटीऐवजीं एक दातेरी पट्टी व तिजवर फिरणारें लहान दातेरी चाक, म्हणजे रॅक आणि पिनियन, ही सुटसुटीत योजना आहे.

वळणावर आंतील चाकाला लहान वर्तुळ काटावयाचें असतें व बाहेरील चाकाला मोठें. म्हणून आंतील चाक अधिक वळावें लागतें. ही युक्ति मोटारीहूनहि जुनी आहे. म्युनिकच्या लँकेन्सपर्गर नामक गाडी-कारागिराच्या या कल्पनेचें पेटंट रुडॉल्फ अॅकरमन यांनीं १८१८ सालीं लंडनमध्यें घेतलें, तें घोडागाडीसाठीं. सांगावयाचें तात्पर्य हें कीं, या हातांचे कोन व सळयांची लांबी हिशेबानें ठरलेलीं असतात. वांकलेला हात तापवून सरळ करून देतों किंवा डाग देऊन जोडतों, असें कोणी म्हणाला तर त्याला हात जोडून परत यावें. तापविलेल्या पोलादाचा भरंवसा राहत नाहीं, व हिशेबहि चुकतो.

आतां ढिलेपणा, ज्याला गॅरेजांत प्ले म्हणतात. सपाट जागीं गाडी उभी करून पुढचीं चाकें सरळ ठेवावीं, इंजिन बंद ठेवावें, आणि स्टिअरिंग हलक्या हातानें फिरवून पुढचें चाक हलूं लागेपर्यंत तें किती रिकामें फिरतें तें पाहावें. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९८ वा नियम सांगतो कीं, हा ढिलेपणा ३० अंशांहून अधिक असतां कामा नये, बॉल जॉइंटांवर रबराच्या टोप्या असाव्यात, आणि त्यांचे बोल्ट व पिना पक्क्या अडकविलेल्या असाव्यात. ४० सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर ३० अंश म्हणजे कडेला सुमारें साडेदहा सेंटिमीटर होतात. ही कायद्याची शेवटची मर्यादा झाली. शहाण्यानें इतकी वाट पाहूं नये. दोनतीन सेंटिमीटरांपुढें ढिलेपणा वाढत चालला कीं शोधास लागावें.

शोध कसा करावा? हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, एकानें स्टिअरिंग थोडें थोडें इकडेतिकडे हलवावें व दुसऱ्यानें वांकून एकेका जोडावर बोट ठेवीत जावें. ज्या जोडाची एक बाजू हलते व दुसरी उशिरा हलते, तेथें दोष आहे. नंतर पुढचें चाक जॅकनें उचलून गाडीखालीं भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कोणीहि शिरूं नये. चाक वरून व खालून धरून हलवावें. तें डगमगलें तर दुसऱ्यास ब्रेक दाबावयास सांगावें. ब्रेक दाबतांच डगमग थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीहि राहिली तर किंगपिनचा किंवा तेथील बॉल जॉइंटचा. चाक डावीउजवीकडून धरून हलविलें असतां टायरॉडच्या टोकांचा ढिलेपणा कळतो. या परीक्षेस मोठें यंत्र लागत नाहीं. दोन माणसें आणि अर्धा तास पुरतो.

इतर लक्षणेंहि ओळखावीं. गाडी एका अंगाला ओढत असेल तर आधीं दोन्ही टायरांची हवा पाहावी, नंतर ब्रेक धरून राहतो काय हें पाहावें. तसा राहत असेल तर तें चाक दुसऱ्यापेक्षां अधिक तापतें. ठराविक वेगालाच स्टिअरिंग थरथरूं लागलें तर बहुधा चाकाचें बॅलन्सिंग गेलेलें असतें. स्टिअरिंग जड झालें तर हवा कमी, किंगपिनला ग्रीस नाहीं, किंवा पेटींतील तेल आटलें, हीं कारणें आधीं तपासावीं. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नसेल तर कोठें तरी घट्टपणा आला आहे असें समजावें.

माझ्या एका स्नेह्यांची हकीकत सांगतों. त्यांच्या पद्मिनीचें स्टिअरिंग ढिलें झालें. पहिल्या गॅरेजवाल्यानें व्हील अलाइनमेंट करून पैसे घेतले. ढिलेपणा तसाच राहिला. दुसऱ्यानें पेटीवरील स्क्रू पिळून घट्ट केला. सरळ रस्त्यावर गाडी बरी वाटली, परंतु वळणावर स्टिअरिंग अडकूं लागलें. तिसरा म्हणाला, पेटीच नवी टाका. चौथ्या ठिकाणीं एक वृद्ध फिटर भेटले. त्यांनीं वर सांगितलेली परीक्षा दहा मिनिटें केली आणि आयडलरचा झिजलेला बुश व टायरॉडचें एक टोक यांवर बोट ठेवलें. पेटीला कांहींच झालें नव्हतें. आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं, अशी पहिल्या तिघांची गत होती.

पेटीचा स्क्रू पिळण्याचा हा उपाय फार प्रचलित आहे, म्हणून त्यांतील धोका सांगतों. आपण बहुतांश वेळ गाडी सरळ चालवितों, त्यामुळें वर्म मध्यभागीं अधिक झिजतो व कडेला कमी. मधला ढिलेपणा काढण्यासाठीं स्क्रू पिळला कीं, कडेचा न झिजलेला भाग आवळला जातो. म्हणून वळविलेलें स्टिअरिंग परत फिरत नाहीं, आणि तेंहि नेमकें वळणावर! सर्व जोड निर्दोष ठरल्यावर, जाणत्या हातानें, अगदीं थोडा पिळावा, एवढीच त्या स्क्रूची योग्यता. तसेंच अलाइनमेंट सर्वांत शेवटीं करावयाचें असतें. डुगडुगत्या जोडांवर चाकांचा कोन मोजणें म्हणजे हलत्या तराजूंत सोनें तोलणें होय.

मग मिस्त्री असें कां करतात? सगळेच लबाड असतात असें मी म्हणणार नाहीं. पुष्कळांनीं ही विद्या उस्तादाच्या हाताखालीं, नुसतें पाहून घेतलेली असते. कारण शोधण्याची शिस्त त्यांना कोणी शिकविलेली नसते. शोधण्याच्या वेळेबद्दल गिऱ्हाईक पैसे देत नाहीं, भाग बदलला म्हणजे देतें. तेव्हां भाग बदलण्याकडेच ओढा राहतो. त्यांत बाजारांत मिळणारे नकली सुटे भाग थोड्याच दिवसांत पुन्हां ढिले होतात, आणि दोष मात्र मिस्त्रीच्या माथीं बसतो. परंतु जो न पाहतांच "बदलून टाकूं, साहेब" म्हणतो, त्याला या सबबी लागू पडत नाहींत.

याला उपाय आपल्याच हातीं आहेत. मिस्त्रीला लक्षण सांगावें, उपाय सांगूं नये. "अलाइनमेंट करून द्या" असें म्हटलें तर तो तेवढेंच करून देईल. भाग काढण्यापूर्वीं तो हलतांना दाखवा, असा आग्रह धरावा; जो खरोखर जाणतो त्याला दाखविण्यांत कमीपणा वाटत नाहीं. खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा, काढलेले भाग मागून घ्यावे, आणि एका वेळीं एकच दुरुस्ती करवून गाडी चालवून पाहावी, म्हणजे गुण कशानें आला तें कळतें. जेथें स्प्लिट पिन असते तेथें ती नवी घातली आहे काय, हें डोळ्यांनीं पाहावें. चार आण्यांच्या मोलाची ही पिन निघाली तर जोड सुटूं शकतो. एका वहींत तारीख, किलोमीटर, काय बदललें व कोठें ग्रीस घातलें, याची नोंद ठेवावी. पुढच्या मिस्त्रीला ती वही दाखविली म्हणजे अर्धें निदान झालेंच समजा. आणि वर सांगितलेल्या फिटरांसारखा माणूस सांपडला तर त्याच्या शोधण्याच्या वेळेचा मोबदला घासाघीस न करतां द्यावा. असे हात टिकले तरच जुन्या गाड्या टिकतील.

आधीं रोगाची परीक्षा व मग औषध, हा वैद्यकाचा जुना दंडक मोटारीलाहि लागू आहे. सुकाणूच्या बाबतींत तो पाळणें अधिकच अगत्याचें, कारण रस्त्यावर आपल्याखेरीज शाळेंत जाणारीं मुलें असतात, भाजी घेऊन परतणाऱ्या बाया असतात. आपल्या गाडीचा ढिला जोड त्यांना दिसत नसतो. तो पाहणें हें आपलें काम आहे.