श्वास मोजणारे मणी

तुमच्या वेळापत्रकात गणिताचा तास वेगळा, विज्ञानाचा वेगळा आणि नागरिकशास्त्राचा वेगळा, हो ना? पण एखादं तान्हं बाळ आजारी पडलं, की हे तिन्ही विषय एकदमच कामाला लावावे लागतात! कसे? ऐका तर.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दोघे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाले. पुढे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथून परतल्यावर १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली.

गडचिरोली म्हणजे दाट जंगलाचा जिल्हा. डॉक्टर दूर, आणि न्यूमोनियाने लहान मुलं दगावत. न्यूमोनियाची एक सोपी खूण आहे. बाळाला धाप लागते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त वेळा चालला, किंवा त्याहून मोठ्या, पण वर्षाच्या आतल्या बाळाचा ५० किंवा जास्त वेळा, तर धोका समजायचा.

पण मोजणार कोण? बाळाजवळ असायची गावातली दाई. अनेक दायांना पन्नासपर्यंत आकडे येत नव्हते.

मग काय, आधी दाईला शाळेत पाठवायचं? तोवर बाळाने थांबायचं? त्यापेक्षा साधनच बदललं! एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओवलेले मणी. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनियाची शंका. आहे की नाही गंमत?

नुसती कल्पना छान असून भागत नाही, ती पडताळावी लागते. काही गावांत गावच्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. मग इतर गावांशी तुलना केली. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी भरले! १९९० साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

पुढे ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. त्या झाल्या 'आरोग्यदूत'. तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून देशभर आशाताई बाळ-बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या.

श्वास कसा चालतो हे विज्ञान, मणी मोजणं हे गणित. आणि जंगलातल्या बाळालाही शहरातल्या बाळाइतकाच जगायचा हक्क आहे, हे नागरिकशास्त्र!

करून पाहा : घड्याळ लावून स्वतःचे एका मिनिटातले श्वास मोजा. मग आईबाबांबरोबर बसून ठरवा, आपल्या वस्तीतला कोणता प्रश्न असा मोजून सोडवता येईल?