पैशाची पायवाट (भाग १४) : रस्ता कुणाच्या नावावर?

वित्त आयोगाच्या बंधित-अबंधित निधीबद्दल आज लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण मागच्या भागावर आलेलं एक पत्र बाजूला ठेववत नाही. धुळ्याच्या हद्दवाढीत शहरात आलेल्या एका वस्तीतले निवृत्त शिक्षक लिहितात : "डीपीडीसीतून शहराला पैसा कसा येतो ते कळलं. पण आमच्या कॉलनीतला रस्ता आधी ग्रामपंचायतीचा म्हणायचे, आता महापालिकेचा म्हणतात आणि सातबारा काढला तर त्यावर अजून मूळ शेतमालकाचं नाव. मग निधी मागायचा कुणी आणि कुणाकडे?"

गुरुजी, तुम्ही दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलंत. डीपीडीसीच्या, म्हणजे जिल्हा नियोजन समितीच्या, बैठकीत निधीवरून जी खडाजंगी होते ती दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येते. पण शहराच्या कितीतरी मागण्या त्या बैठकीच्या खूप आधी, मालकीच्या एका कागदापाशी अडकून पडतात. त्याची बातमी होत नाही.

मुळात पैसा कुठे असतो, एवढंच एकदा आठवू. अमेरिकेतली काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. पण तिला स्वतःचा मालमत्ता कर असतो, निवडून आलेलं मंडळ असतं. तिथलं शहर वाचनालयासाठी किंवा अग्निशमन बंबासाठी काउंटीकडे मागणी करतं, तेव्हा एक तिजोरी दुसऱ्या तिजोरीकडे मागत असते. आपल्या जिल्ह्याला अशी तिजोरी नाही. जिल्हा परिषद आहे, पण १ मे १९६२ पासून तिचं काम ग्रामीण भागापुरतं. शहराच्या दृष्टीनं जिल्हा म्हणजे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असलेली नियोजन समिती. तिच्या हातात पैसा असतो तो राज्याच्या अर्थसंकल्पातला, मर्यादा ठरवून दिलेला आणि लेखाशीर्षांत बांधलेला. कोणत्या लेखाशीर्षातून मागायचं हे त्या मालमत्तेचा धनी कोण, यावर ठरतं. म्हणून पैशाआधी मालकी.

जिल्हा परिषदेच्या आवारात पाच मिनिटं उभे राहिलात तरी 'तीस चोपन्न', 'पन्नास चोपन्न', 'पंचवीस पंधरा' हे आकडे कानावर पडतील. ३०५४ म्हणजे रस्त्यांची देखभाल-दुरुस्ती, ५०५४ म्हणजे रस्त्यांची भांडवली कामं. २५१५ हे ग्रामविकास विभागाचं, गावातल्या मूलभूत सुविधांसाठी. ते मुंबईहून येतं आणि त्यासाठी आमदारांच्या पत्राला वजन असतं. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. सदस्यांना हे तोंडपाठ असतं, कारण चुकीच्या खिडकीवर गेलं की वर्ष वाया जातं.

आता धुळ्याची हद्दवाढ घ्या. २०१८ च्या सुरुवातीला वलवाडी, महिंदळे, अवधान यांच्यासह अकरा गावं महापालिकेत आली. रस्ता होता तिथेच राहिला, पण त्याची सगळी लेखाशीर्षं बदलली. ग्रामीण मार्ग म्हणून त्याला मिळणारं ३०५४ बंद, २५१५ बंद. त्याच्यासाठी नवं दार उघडलं ते नगरोत्थानचं. २०१० मध्ये सुरू झालेल्या सुवर्णजयंती नगरोत्थान महाअभियानाचा जिल्हास्तरीय हिस्सा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो, आणि शहरातल्या रस्ते-गटारींसाठी मागणी करायची ती प्रामुख्यानं तिथे. पण तिथे पाऊल ठेवताना पहिला प्रश्न येतो : जागा पालिकेची आहे का?

हा प्रश्न कसा येतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. महापालिकेचा कनिष्ठ अभियंता चालू दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करतो : खोदाई, मुरूम, खडीकरण, काँक्रीट, शेवटी कर. त्याच्या जोडीला प्रमाणपत्रं लागतात. एकात लिहून द्यावं लागतं की हे काम याआधी दुसऱ्या कोणत्याही योजनेतून मंजूर नाही. दुसऱ्यात लिहून द्यावं लागतं की जागा महापालिकेच्या मालकीची वा ताब्यातली आहे. खाली सही कुणाची, तर त्या तरुण अभियंत्याची. उद्या मूळ मालक न्यायालयात गेला तर तारखांना यालाच जावं लागणार. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव दिसत असताना त्याचा हात थबकला तर मी त्याला दोष देणार नाही. तांत्रिक मान्यता, जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता, बीडीएस या शासनाच्या निधी-वितरण प्रणालीवर निधी, ई-निविदा, कार्यारंभ आदेश ही सगळी रांग या सहीनंतरची. पहिली सहीच झाली नाही तर रांग सुरूच होत नाही.

मग सातबाऱ्यावर शेतमालकाचं नाव राहतं कसं? शेत बिनशेती झालं, रेखांकन मंजूर झालं, त्यात प्लॉट, रस्ते आणि खुली जागा आखली गेली. इथपर्यंत ठीक असतं. त्यापुढे मोजणी होऊन भूमी अभिलेखकडून कमी-जास्त पत्रक व्हावं लागतं. ते झालं की प्रत्येक प्लॉटचा वेगळा उतारा निघतो आणि रस्ते, खुली जागा यांचेही वेगळे हिस्से पडतात. हे हिस्से स्थानिक संस्थेच्या नावावर लागले पाहिजेत. पण प्लॉट विकून झाल्यावर रस्त्याच्या उताऱ्याची निकड कुणालाच उरत नाही. विकणाऱ्याचे पैसे वसूल झालेले असतात, घेणाऱ्याला आपल्या प्लॉटचा उतारा मिळालेला असतो. त्यामुळे कमी-जास्त पत्रक रखडतं. किंवा ते होतं, पण रस्त्याचा फेरफार राहून जातो. पुढे तो मालक जातो, वारस लागतात आणि ज्या रस्त्यावरून शाळेची रिक्षा धावते त्या रस्त्याला कागदोपत्री पाच-सात धनी होतात.

जुन्या धुळ्यात ही कटकट फारशी नाही, आणि त्याचं श्रेय दोनशे वर्षांपूर्वीच्या आखणीला द्यावं लागेल. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याला मुख्यालय केलं आणि नवी पेठ आखून वसवली. सरळ रस्ते, आजही क्रमांकानं ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या. पुढे नगर भूमापन झालं, मिळकत पत्रिका आल्या. गल्ली नंबर चार कुणाची, असा वाद घालायला तिथे वावच नाही. आधी रस्ता आखला, मग घरं आली. आपल्या नव्या वसाहतींत क्रम उलटा झाला. नगररचनेवरची पुस्तकं बाजूला ठेवून ज्यांना हा विषय समजून घ्यायचा आहे त्यांनी एका संध्याकाळी पेठेतल्या गल्ल्यांतून फिरावं आणि तसंच देवपूरच्या पलीकडल्या वसाहतींपर्यंत जावं.

शेजारच्या जळगावचा मामला वेगळा आहे. तिथे धनी नाही असं नाही. धनी फार बलवान आहे. सुरतेकडून नागपूरकडे जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा, आताचा त्रेपन्न, शहराच्या पोटातून जातो. खोटेनगर, शिव कॉलनी, प्रभात चौक, आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली ही नावं एका ओळीत घेतली की अपघातांच्या बातम्या आठवतात. या महामार्गाच्या दोन्ही बाजूंनी समांतर रस्ते व्हावेत म्हणून जळगावकरांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. गरज शहराची, माणसं शहराची, जागेवर अधिकार मात्र महामार्गाचा. अशा ठिकाणी डीपीडीसीत कितीही जोरानं मागणी केली तरी समितीला म्हणावं लागतं की आधी महामार्गवाल्यांची ना-हरकत आणा. मला हे आंदोलन फार मोलाचं वाटतं. पैशाच्या मागणीइतकीच ती हक्काची मागणी होती, आणि रस्ता कुणाच्या अखत्यारीत येतो हा प्रश्न तिनं सामान्य माणसाच्या तोंडी आणला.

याच्या नेमकं उलटं चित्र जळगावनं २०१७ मध्ये पाहिलं. महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १५ डिसेंबर २०१६ रोजी दिला आणि १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. मग, रस्ता महामार्ग राहिला नाही की ही बंदीही लागू होणार नाही म्हणून, राज्यात ठिकठिकाणी शहरातले राज्य रस्ते पालिकांकडे वर्ग करण्याची लगबग सुरू झाली. यवतमाळ, लातूर आणि जळगाव ही नावं त्यात पुढे होती. जळगावात लोक चिडले. दारूची दुकानं वाचवायला रस्ते घ्यायचे, मग त्यांची डागडुजी कुणी करायची, असा त्यांचा सवाल होता. सवाल अगदी रास्त होता. रस्ता ताब्यात घेणं म्हणजे त्याच्या खड्ड्यांचं, दिव्यांचं, दुभाजकाचं कायमचं देणं अंगावर घेणं. जिथली महापालिका घरकुल योजनेपासून चालत आलेल्या हुडकोच्या कर्जानं पिचली होती आणि २०१९ मध्ये राज्य सरकारनं एकरकमी तडजोड केल्यावरच त्यातून सुटली, त्या शहरानं असं देणं विचार करूनच घ्यायला हवं.

यातला एक बारकावा नगरसेवकांनी कायम लक्षात ठेवावा. बाहेरून वळण रस्ता झाला की महामार्गाचा शहरातला जुना तुकडा राज्याकडे किंवा पालिकेकडे सोपवला जातो. सोपवताना एकदाच त्याची चांगली सुधारणा करून देण्याची पद्धत केंद्राच्या रस्ते खात्यात आहे. म्हणजे मागायची वेळ ताबा घेण्याच्या आधीची. एकदा ताबा पावतीवर सही झाली की तीच सुधारणा डीपीडीसीत, वॉर्डांतल्या गटारींशी स्पर्धा करत मागावी लागते.

ही स्पर्धा दोन्ही जिल्ह्यांत सारखी नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्हा ४२ लाखांवर आणि शहर ४ लाख ६० हजारांच्या आसपास, म्हणजे अकरा टक्के. धुळे जिल्हा साडेवीस लाख, शहर पावणेचार लाख, म्हणजे अठरा टक्के. जळगावात पंधरा तालुके. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, चोपडा, पाचोरा अशा दमदार नगरपालिका त्याच नगरोत्थानच्या रकमेवर हक्क सांगतात. धुळ्यात चारच तालुके, आणि शहराच्या तोडीची दुसरी नगरपालिका नाही. त्यामुळे जळगाव महापालिकेला तयार प्रस्तावाची गरज धुळ्याहून जास्त आहे. वाटणीच्या दिवशी ज्याचा प्रस्ताव सर्व कागदांनिशी तयार, त्याला मार्चअखेरचा वळवलेला पैसाही मिळतो. फेब्रुवारीत ज्या खात्यांचा खर्च होणार नाही असं दिसतं त्यांचा निधी पुनर्विनियोजनात फिरतो, आणि तो मागायला दोन आठवडेही मिळत नाहीत. दोन आठवड्यांत फेरफार होत नाही.

त्यातच वर्ष आखूड असतं. २०२० च्या ४ मे रोजी करोनामुळे विकासकामांचा खर्च ३३ टक्क्यांवर आणला गेला. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन आचारसंहिता आल्या आणि नव्या मंजुऱ्यांचे महिनेच्या महिने गेले. अशा वर्षांत आधीच कागद जुळवून ठेवलेल्या कामांनाच वाट मिळते.

आणखी एक नुकसान मला पैशाच्या कपातीहून मोठं वाटतं. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं नियोजन समितीतले किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून, ग्रामीण-शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात घ्यायला सांगितलं. १९९८ च्या राज्याच्या कायद्यानं ते अमलात आलं. २०२३ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि बराच काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. नगरसेवकच नाहीत म्हटल्यावर शहराच्या त्या जागांवर बसणार कोण? आयुक्त हुशार असतात, कष्टाळूही असतात. पण कोणत्या कॉलनीचा उतारा अडलाय आणि कोणत्या वारसाला भेटून सही मिळेल, हे वॉर्डातल्या माणसालाच ठाऊक असतं.

तर गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मागायचं महापालिकेनं, नगरोत्थानमधून. पण त्याआधी तुमच्या कॉलनीनं चार कागद गोळा करावेत : मंजूर रेखांकनाची प्रत, बिनशेती आदेश, कमी-जास्त पत्रक झालं असेल तर तेही, आणि रस्त्याच्या हिश्श्याचा ताजा सातबारा. पत्रक झालंच नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयापासून सुरुवात. ते झालं असेल तर रेखांकनाची प्रत जोडून रस्ता आणि खुली जागा महापालिकेच्या नावे करण्याचा अर्ज आयुक्तांकडे द्यावा आणि फेरफारासाठी तलाठ्याकडे पाठपुरावा ठेवावा. मूळ मालक हयात असतील तर आत्ताच भेटा. वारस लागल्यावर सह्या गोळा करणं फार अवघड होतं. खाजगी रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर करण्याची तरतूदही १९४९ च्या महापालिका अधिनियमात आहे. तिचा आधार घेऊन रहिवाशांनी एकत्र अर्ज करावा. आणि हद्दवाढीत तुमच्या ग्रामपंचायतीचं जे दप्तर महापालिकेकडे गेलं, त्यातल्या रस्त्यांच्या नोंदीची नक्कल माहिती अधिकारात मागून घ्या. जिल्हा परिषदेनं त्या रस्त्यावर पूर्वी पैसा खर्च केला असेल तर सार्वजनिक वापराचा तो सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही पथदिव्यांच्या बिलाचंही विचारलंय. ग्रामपंचायतीच्या काळातली थकबाकी हद्दवाढीनंतर कुणी भरायची, हा विषय थेट वित्त आयोगाच्या अनुदानाला जाऊन भिडतो. तो पुढच्या आठवड्यात तिथेच घेऊ.