इंद्रधनुष्याचे रंग मोजताना

भाद्रपद लागला की गोमंतकाच्या उत्तर भागात ऊन-पावसाचा लपंडाव सुरू होतो, आणि कामाच्या घाईतही माणसाची दृष्टी क्षणभर आभाळाकडे वळते. इंद्रधनुष्य कोठे पाहावे याचा नियम सोपा आहे. ते नेहमी सूर्याच्या समोरच्या दिशेस उमटते. म्हणून पेडणे तालुक्यात मांद्रे-मोरजीच्या बाजूस ते सकाळी समुद्रावर दिसावे, तर डिचोलीत सायंकाळी पूर्वेस, सह्याद्रीच्या अंगाला. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर चढला की सपाट भूमीवरून आभाळातील इंद्रधनुष्य दिसत नाही. भर दुपारी ते शोधणे व्यर्थ होय. हरवळ्याच्या धबधब्यापाशी सूर्य पाठीशी घेऊन उभे राहिले, तर उडणाऱ्या तुषारांतही त्याचा तुकडा गवसण्याचा संभव असतो. बसस्थानकावरच्या ओल्या डांबरावर डिझेलचा तवंग पसरतो, त्यातही रंग खेळतात. पण त्यांची जात निराळी. तवंगाच्या वरच्या व खालच्या पृष्ठावरून परतणारे किरण एकमेकांत मिसळून ते रंग उमटतात. सारांश, जे जे रंगीत दिसते ते सारे एकच नसते. पाहणाऱ्याने थोडे थांबून ओळखावे लागते.

रंग एकत्र आणण्याची हौस या भूमीस नवी नाही. चतुर्थीला गणपतीवर बांधलेली माटोळी रानफळांनी आणि फुलांनी बहरते. कोजागिरीच्या सुमारास पेडण्यास पुनव भरते, तेव्हा रंगीबेरंगी लुगड्यांनी नटलेली देवांची तरंगे पाहण्यास दूरदूरची माणसे लोटतात.

आता ध्वजांकडे वळू. १४ ते २० नोव्हेंबर या सहकार सप्ताहात सहकारी संस्थेच्या इमारतीवर सप्तरंगी ध्वज फडकताना आमच्या अनेक वाचकांनी पाहिला असेल. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने हा ध्वज १९२५ साली स्वीकारला. माणसे भिन्न असूनही एका कार्यासाठी एकत्र येतात, हा त्याचा आशय. पुढे इतर चळवळीही इंद्रधनुष्याचे रंग वापरू लागल्या, त्यातून गोंधळ होऊ लागला, म्हणून संघाने २००१ मध्ये तो मागे घेतला.

त्या इतर ध्वजांपैकी एक आज तरुणांच्या पाठपिशवीवर किंवा एखाद्या उपाहारगृहाच्या काचेवर लहानशा पट्टीच्या रूपाने दिसतो. शाळेत आपण ‘तानापिहिनिपाजा’ घोकले; त्याप्रमाणे रंग मोजावेत. सात भरले तर सहकाराचा ध्वज आठवावा. सहाच भरले, तर तो बहुधा समलिंगी आकर्षण असणाऱ्या व तृतीयपंथी व्यक्तींच्या स्वाभिमानाचा ध्वज होय. गिल्बर्ट बेकर यांनी सहकाऱ्यांसह रंगविलेला हा ध्वज २५ जून १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे प्रथम फडकला. तेव्हा त्यात आठ पट्टे होते. गडद गुलाबी कापड पुरेसे मिळेना म्हणून तो रंग गळला, आणि पुढे १९७९ पर्यंत सहा पट्टे कायम झाले.

हा विषय दूरदेशीचा आहे असे कोणी म्हणेल, तर पेडण्याहून म्हापशाकडे जाताना शापोरा नदीचा पूल ओलांडून पाहावे. पलीकडे कोलवाळ गाव लागते. वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स येथेच राहत. विस्मरणात चाललेल्या कुणबी लुगड्यास त्यांनी पुन्हा मान मिळवून दिला, गोमंतकीय वेशभूषेवर ग्रंथ लिहिला, आणि २०१४ साली त्यांस पद्मश्री मिळाली. आपले सहचर जेरोम मारेल यांच्याशी त्यांनी २००२ मध्ये फ्रेंच कायद्यानुसार सहजीवनाचा करार केला होता, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपविली नाही. २०२० साली कोलवाळ येथेच त्यांचे निधन झाले. मराठी रंगभूमीनेही हा प्रश्न पूर्वीच ओळखला होता. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आले.

कायद्याची वाटचाल मंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने ठरविले की प्रौढ व्यक्तींचा संमतीने असलेला समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा विवाहास मान्यता मिळाली नाही. म्हणजे भय बरेच कमी झाले. घर मात्र अजून ज्याचे त्याने शोधावयाचे आहे.

आमच्या मते खरा प्रश्न येथेच आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या कुटुंबांस थोड्यांतले एक असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. शेजारी आपली भाषा बोलला की किती धीर येतो, हे आपण जाणतो. आपल्याच घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी, कोणास न सांगता, असाच धीर शोधत असेल. परक्या दुकानाच्या काचेवरील सहा रंगांची पट्टी त्याला सांगते की येथे तुझा अपमान होणार नाही. तेवढे आश्वासन त्याला स्वतःच्या माजघरात मिळू नये काय?

त्यासाठी दारावर ध्वज लावण्याची गरज नाही. जेवताना वर्तमानपत्रातील एखादी बातमी निघते, कोणी चेष्टेचा शब्द बोलतो, आणि सारे हसतात. कोपऱ्यात बसलेले मूल तो शब्द आणि ते हसू दोन्ही लक्षात ठेवते. आजोबांनी किंवा आईने त्या वेळी एवढेच म्हणावे, ‘‘असे बोलू नये, तीही कोणाच्या तरी घरची लेकरे आहेत.’’ त्या मुलाला पुढे काही सांगावयाचे असेल, तर कोणाकडे यावे हे त्याला कळलेले असेल.